सात ग्रुपांवर लिंक टाकत होतो, शोधात मात्र कुठेच नव्हतो

फाउंटन पेनच्या दुरुस्तीवर मी एक छोटी साइट काढली. निब कशी सरळ करायची, फीडमध्ये, म्हणजे निबेला शाई पुरवणाऱ्या भागात, सुकलेली शाई कशी काढायची, असले पंचवीसेक लेख. लिहिताना मजा आली. वाचायला घरातले तिघे, त्यातला एक बळेबळे.

मग सगळे करतात तेच केलं. लेख झाला की लिंक फेसबुकच्या सात ग्रुपांवर डकवायची. दुपारपर्यंत आकडा चढायचा, रात्री पुन्हा शून्याशी. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल शोधातून साइटवर किती जण येतात ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, क्लिकची रेघ तळाशी आडवी पडलेली. एवढे शेअर होतात ते गूगलला दिसत कसे नाहीत, हे शोधायला बसलो तेव्हा कळलं, की दुसऱ्या साइटवरची लिंक गूगल शिफारशीसारखी धरतं, पण फेसबुकवरून बाहेर जाणाऱ्या लिंकवर ‘नोफॉलो’ची, म्हणजे ‘ही शिफारस धरू नका’ अशी, खूण असते. कमेंटमधून होणारी लिंकबाजी रोखायला ही खूण २००५ साली आली. २०१९ पासून गूगल तिला हुकूम न मानता नुसती सूचना मानतं, पण त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. शिवाय लाइक आणि फॉलोअर यांचा क्रमवारीत विचार होत नाही, हे गूगलच्या मॅट कट्स यांनी २०१४ मध्येच सांगून टाकलं होतं. मी उशिरा वाचलं, एवढंच.

मध्ये एक गाढवपणाही झाला. पैसे मोजून शंभर लिंक विकत घेतल्या. काम झाल्याची यादी आली ती उघडून बघितली, तर केस गळतीवरच्या लेखात मध्येच ‘पेनची दुरुस्ती’ असे शब्द कोंबलेले आणि त्यावर माझी लिंक. असल्या लिंकांना आळा घालायला गूगलने २०१२ मध्ये क्रमवारीच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल आणला. सुरुवातीला साइट खाली ढकलल्या जायच्या. २०१६ नंतर अशा लिंका बहुतेक वेळा मोजल्याच जात नाहीत. माझी साइट खाली गेली नाही, वरही आली नाही. पैसे तेवढे गेले.

वळण आलं ते एका प्रश्नामुळे. ग्रुपवर एका ताईंनी विचारलं, ‘शाई भरलेली आहे, पण दोन ओळींनंतर पेन लिहीतच नाही. झटकलं की पुन्हा चालतं.’ खाली उत्तरांचा पाऊस : निब बदला, शाई बदला, पेनच बदला. मी लिंक न देता कन्व्हर्टरचा, म्हणजे पेनात शाई भरून ठेवायच्या नळीचा, फोटो मागितला. फोटोत शाई मागे पिस्टनला चिकटून बसलेली, आणि निबेच्या बाजूला नुसती हवा. म्हटलं, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाका, त्याने कन्व्हर्टर आतून धुवा, मग साध्या पाण्याने दोनतीनदा खळबळून घ्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्खं पान लिहून फोटो टाकला.

त्यांना विचारून त्याच फोटोवर लेख केला. मथळा त्यांच्याच शब्दांत : ‘शाई आहे, पण पेन लिहीत नाही’. यावर माझा जुना लेख होता, ‘कन्व्हर्टरमधील पृष्ठताण’ नावाचा! असं कोण शोधणार? लोक काय टाइप करतात ते ग्रुपवर रोज फुकट वाचायला मिळत होतं आणि मी तिथे जाहिराती डकवत होतो.

ताईंची सुलेखनावर स्वतःची साइट आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी तिथे हा किस्सा लिहिला आणि माझ्या लेखाची साधी, खूण नसलेली लिंक दिली. माझी पहिली खरी लिंक, आणि तीही न मागता आलेली. दुसरी तर चुकीतून मिळाली. ‘पेन रात्रभर पाण्यात ठेवा’ असं मी सरसकट लिहिलं होतं. ग्रुपवरच्या एका काकांनी झापलं, ‘एबोनाइटचं पेन असेल तर रंग उतरून तपकिरी होईल ना!’ मी लेख दुरुस्त केला, त्यांचं नाव घातलं. पुढे त्यांनी आपल्या साइटवरच्या संग्रहाच्या पानावर माझा लेख जोडला.

सर्च कन्सोलची रेघ लगेच काही उठली नाही. दीडदोन महिने लागले. आधी इंप्रेशन, म्हणजे शोधात साइट दिसण्याचा आकडा, वाढले, मग क्लिक. आणि एका सकाळी शोधशब्दांच्या यादीत माझ्या साइटचं नाव दिसलं, तेही चुकीच्या स्पेलिंगसह. म्हणजे कुणीतरी आठवून टाइप केलं होतं.

सातांपैकी पाच ग्रुप सोडले. आज उरलेल्यांपैकी एकावर कुणाचं तरी टोपण अडकलंय. फोटो मागवलाय.