पेटी भरणाऱ्यांना शिकवताना : माझा अनुभव

रत्नागिरीजवळच्या एका आंबा पॅकहाऊसमध्ये मी सुपरवायझर आहे. मागच्या हंगामाच्या तोंडावर मालकांनी निर्यातीच्या कामाचं प्रशिक्षण माझ्या गळ्यात घातलं. शिकवायचं कुणाला, तर ज्यांचं अर्धं आयुष्य हापूस निवडण्यात गेलंय अशा मावश्यांना आणि त्यांच्या मुकादमाला, म्हणजे तात्यांना. खांदे किती भरलेत, देठाशी खळगा पडलाय का, हे बघून फळ चौदा आणे तयार आहे की कोवळं, ते तात्या बोलता बोलता सांगतात. पण युरोपला जाणाऱ्या आंब्याला एवढं पुरत नाही. मँगोनेटवर, म्हणजे निर्यातीच्या बागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नोंदवलेल्या कुठल्या बागेतला माल आहे याची नोंद लागते, ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात फळ ६० मिनिटं ठेवावं लागतं, ते तापमान वहीत उतरवावं लागतं. शिवाय टोप्या, हातमोजे. यातलं काहीच त्यांना जड नव्हतं. त्यांना ते नको होतं, इतकंच.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांची १९६९ सालची मांडणी होती. माणसाला काम किती येतं आणि ते करायची त्याची किती तयारी आहे, हे बघून नेत्याने आपली पद्धत बदलावी. नवख्याला नेमकं सांगावं; येत असून मन नसलेल्याला सांगत बसू नये, निर्णयात सामील करून घ्यावं. परीक्षेपुरतं हे सोपं आहे. मन का नाही, हे मात्र पुस्तक सांगत नाही, ते विचारावंच लागतं.

म्हणून मालकांनी दिलेली स्लाइडची फाइल न उघडता संध्याकाळी पेट्यांवर बसून तात्यांनाच विचारलं, "तात्या, यातलं नेमकं काय खुपतंय?"

"पैसे पेटीमागे देणार नि वर वह्या भरायला लावणार. वह्यांचे पैसे कोण देणार, तुझा साहेब?"

हिशोब चोख होता. ज्याला आम्ही ऑफिसात 'मानसिकता' म्हणत होतो, त्यातलं निम्मं तर मजुरीच होती! गोड बोलून हे सुटणारं नव्हतं. मालकांशी बरीच हुज्जत घालून निर्यातीच्या मालापुरती रोजंदारी ठरवून घेतली. त्याआधी प्रशिक्षणाला हात लावला नाही.

उरलेलं निम्मं मानाचं होतं. फळमाशीमुळे युरोपीय संघाने १ मे २०१४पासून भारतीय आंबा बंद केला होता, तो जानेवारी २०१५मध्ये उघडला. त्या हंगामाबद्दल मी मावश्यांनाच बोलतं केलं. त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आठवत होतं. मग मी सांगितलं, की माशी सालीखाली अंडी घालते आणि गरम पाणी त्यासाठी आहे. तात्या थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे आमची नजर चुकते म्हणून नाय?" नाही, तात्या. जे नजरेला दिसणारच नाही, त्यासाठी. त्यानंतर टाकीजवळ काम कसं लावायचं, वही कुणी धरायची, हे त्यांनीच ठरवलं. मी सुचवलेला क्रम त्यांनी उलटा केला, आणि तोच बरा निघाला.

त्याच वेळी काढणीला नवीन नेपाळी पोरं आली होती. त्यांच्याशी चर्चा करून काय होणार? देठ ठेवूनच काढायचा, चीक सालीवर सांडू द्यायचा नाही, फळं उन्हात टाकायची नाहीत. हे स्पष्ट सांगायचं, करून दाखवायचं, करवून घ्यायचं. ते काम तात्यांकडे दिलं. झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, हातात घेऊन ते बागेत शिकवतात. उन्हाच्या तापाने साका, म्हणजे आतला गर खराब होणं, वाढतो, हे सांगताना आंबा कापून दाखवतात. आवाज फार चढतो, तेवढा मी मध्ये पडतो.

एक मावशी अजूनही वहीला हात लावत नाहीत. त्यांची नोंद शेजारची मुलगी करते. मालकांना हे पटत नाही. मला पेटी नीट भरलेली आणि नोंद खरी हवी आहे, आणि ती मिळते, म्हणून या हंगामातही मी ते तसंच ठेवलंय.