आमची वाटचाल : टिपरच्या हौद्यापासून उघडत्या छपरापर्यंत

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात साखळीच्या रस्त्यालगत १९९८ मध्ये आमची शेड उभी राहिली, ती टिपरचे, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकचे, हौदे बांधण्यासाठी. मी पत्र्याचा माणूस आणि माझे भागीदार लाकडाचे. त्यांना साऱ्या परिसरात मेस्त याच नावाने ओळखत. खाणीवरून मांडवीकाठच्या धक्क्यापर्यंत दिवसातून अनेक खेपा मारणाऱ्या ट्रकचा तळपत्रा किती मार खातो, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. चौदा वर्षे आम्ही तळ बदलले, फाळके सरळ केले, बिजागऱ्यांच्या पिना ठोकल्या. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही नाही. काम येत होते आणि पैसे उशिरा का होईना, मिळत होते.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या वाहतुकीसह सगळेच बंद केले. त्या दिवशी शेडमध्ये चार हौदे रंगासह तयार होते आणि चारही ट्रकमालकांनी फोन उचलणे सोडून दिले होते. त्यांचा तरी काय दोष, त्यांच्या दारात बँकेची माणसे उभी होती. आमच्याकडे अकरा कामगार होते. दिवाळीपर्यंत चार राहिले आणि पुढच्या शिमग्याला दोनच. पोलादाच्या व्यापाऱ्याने, ज्याच्याकडून मी चौदा वर्षे रोखीने माल उचलला होता, उधारीसाठी माझ्याकडे कोरा धनादेश मागितला. ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. त्या महिन्यात कामगारांचा पगार झाला तो मेस्तांच्या घरच्या पाटल्या गहाण ठेवून, आणि हे मला कळले ते सहा महिन्यांनी, तेही त्यांच्या तोंडून नव्हे.

अशा अवस्थेत बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते, ज्यांना आम्ही भाई म्हणतो, एक विचित्र डबा पिकअपवर घालून शेडमध्ये आले. एका खाण कंपनीने सर्वेक्षणाच्या पथकासाठी अमेरिकन धर्तीवर बांधून घेतलेला तो पॉप-अप कॅम्पर होता. पिकअपच्या हौद्यात बसणारी खोली, केबिनच्या डोक्यावर पुढे आलेला झोपण्याचा भाग, आणि मुक्कामाला पोचल्यावर हाताने वर उचलायचे छप्पर, ज्याच्या चारही बाजूंना कापडाची भिंत ताणली जाते. कंपनीने तो भंगारात काढला होता. भाई म्हणाले, ‘‘नवा पत्रा मारून द्या, एवढेच काम आहे.’’ मेस्तांनी खिशातून टोचा काढला, पुढच्या कोपऱ्याच्या पट्टीखाली टेकवला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. ‘‘भाई, पत्रा मारायचा तो कशावर?’’ एवढेच ते बोलले.

जुना कॅम्पर उघडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की चारही बाजूंचा पत्रा एकदम सोडवू नये. अशा हलक्या बांधणीत सांगाडा पत्र्याला धरत नाही, पत्राच सांगाड्याला काटकोनात धरून असतो. तो निघाला की खोली माचिसच्या रिकाम्या पेटीसारखी कलते. आम्ही आधी कर्ण मोजले, तर दोहोंत १९ मिलिमीटरचा फरक निघाला. मग आतून तिरक्या पट्ट्या ठोकल्या, मेस्तांनी शेडच्या फरशीवर खडूने पूर्ण आकाराचा आराखडा काढला, आणि एकेक बाजू उघडत गेलो. आतले लाकूड तपकिरीसारखे चिमटीत येत होते. पाणी शिरले होते छपरावरच्या झडपेच्या कडेने, पण कुजवले होते पार खालचा आडवा पट्टा. पाणी जिथे शिरते तिथे क्वचितच दिसते. कोणीतरी दर पावसाळ्याआधी फटींवर सिलिकॉनचा नवा थर फासला होता. सुकताना व्हिनेगरचा वास मारणारे हे सिलिकॉन धातूला खाते, आणि त्याचा अंश राहिलेल्या जागी पुढे दुसरे काहीच नीट चिकटत नाही, नवे सिलिकॉनसुद्धा नाही. ते खरवडण्यातच माझे चार दिवस गेले. पत्र्याच्या सांध्यात ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची, पट्टीच घालावी, आठवड्याने स्क्रू पुन्हा एकदा आवळावेत, बाहेर आलेला मेणासारखा माल लाकडी पट्टीने कापून घ्यावा, आणि मगच वरून पॉलियुरेथेनची कड ओढावी.

सांगाडा सागाचाच असावा असा मेस्तांचा आग्रह होता आणि मी ॲल्युमिनियमच्या बाजूचा होतो. आमचे हे एकमेव खरे भांडण. २५ मिलिमीटरची, दीड मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची चौकोनी नळी मीटरला ४०० ग्रॅमसुद्धा भरत नाही. त्याच मापाची लोखंडी नळी एक किलोच्या वर जाते. शेवटी उभा सांगाडा नळ्यांचा झाला, आणि तळ व पलंगाची बैठक आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याच्या मरीन प्लायची, जिच्या प्रत्येक कापलेल्या कडेला मेस्तांनी स्वतः इपॉक्सी पाजले. मधल्या पोकळीत २५ मिलिमीटरचा फोम बसवला. बंद पडलेल्या एका खाणीच्या वजनकाट्यावर, तिथल्या रखवालदाराच्या मेहेरबानीने, आम्ही कॅम्पर आधी आणि नंतर तोलला होता: ४६० किलोचे ४१० किलो झाले. कमी झालेल्या त्या ५० किलोंत बराच भाग जुन्या फोमने पिऊन ठेवलेल्या पाण्याचा होता.

पत्र्याबद्दल मात्र मी थोडे सविस्तर लिहिणार, कारण तो माझा विषय आहे. ॲल्युमिनियम उन्हाने वाढते; रात्री २५ अंशांवर असलेला पत्रा दुपारच्या उन्हात ६५ अंशांवर गेला, तर तीन मीटरच्या लांबीत जवळजवळ तीन मिलिमीटर लांबतो. दोन्ही टोके रिव्हेटांनी घट्ट जखडली तर त्याला जायला जागा उरत नाही आणि तो पोट काढतो. म्हणून एक टोक पक्के करून दुसऱ्या टोकाची भोके किंचित लांबट ठेवावीत आणि ती कोपऱ्याच्या पट्टीखाली झाकावीत. पत्र्यावर पत्रा चढवताना मंगळुरी कौलांचा नियम पाळावा, वरचा नेहमी खालच्याच्या बाहेरून. आणि चालत्या गाडीत वारा पाण्याला उलटे चढवतो म्हणून आडव्या सांध्याचे तोंड मागच्या दिशेला ठेवावे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी स्टीलचा स्क्रू उघड्या ॲल्युमिनियमवर कधीही आवळू नये. खाऱ्या हवेत स्क्रू चकचकीत राहतो आणि त्याच्या भोवतीच्या पत्र्याची पांढरी पूड होते. हे मी दुसऱ्याच कॅम्परवर स्वतःच्या खर्चाने शिकलो. मधे नायलॉनचा वायसर घालायला काही आणे लागतात.

कापडी भिंत आम्ही खनिजाच्या ट्रकांना ताडपत्री शिवून देणाऱ्या म्हापशाच्या एका कारागिराकडून करून घेतली. त्याचाही धंदा बसला होता. विनाइलचा थर दिलेले पॉलिएस्टर, सांधे शिवण्याऐवजी गरम हवेने जोडलेले, कारण सुईचे प्रत्येक भोक म्हणजे एक गळती. मग भर जुलैत भाई आणि मेस्त तो घेऊन चोर्ल्याच्या घाटात एक रात्र राहिले. सकाळी भाईंनी कोरडी उशी खिडकीतून बाहेर काढून दाखवली, तो फोटो आमच्या कार्यालयात आहे. भाईंच्या ओळखीनेच पुढची तीन कामे आली. कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, म्हणून आम्ही हौद्याला हात न लावता चार टर्नबकलने, म्हणजे फिरवून ताणायच्या आकड्यांनी, बांधायचा, काढता येणाराच कॅम्पर करतो. तरी प्रत्येकाला आधी आरटीओत विचारून यायला सांगतो.

२०१८ च्या मार्चमध्ये ८८ खाणपट्ट्यांवरचे काम पुन्हा थांबले, तेव्हा आमच्याकडे टिपरचे एकही काम नव्हते, त्यामुळे बुडाले काहीच नाही. त्या वेळचा घाव दुसरीकडून आला. आमच्याकडे तीन वर्षे शिकलेल्या एका मुलाने पलीकडच्या गावात स्वतःची शेड टाकली. स्वतंत्र होण्याला माझी हरकत नव्हती, त्याच्या पूजेला मी नारळ घेऊन गेलो होतो. पण त्याने जुन्या सांगाड्यावरच, कुजके तसेच ठेवून, दुकानांच्या पाट्यांना लावतात ती एसीपी शीट चिकटवायला सुरुवात केली आणि आमच्या निम्म्या दरात, दहा दिवसांत काम द्यायला लागला. चार अंगुळे आत काय आहे ते कोण बघतो? एसीपी म्हणजे दोन पातळ पत्र्यांच्या मधे प्लास्टिक. खाच मारून ती कोपऱ्यावर सुरेख वळते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याच खाचेत तडकते. आमचे सहा ग्राहक तिकडे गेले. दोघे परत आले, तेही सांगाडा पूर्ण गेल्यावर, आणि दोघांनीही घासाघीस केली ती माझ्याशीच. ज्यांना स्वस्त हवे असेल त्यांनी निदान पत्रा चढण्याआधी एकदा शेडमध्ये जाऊन टोचा मारून बघावा; मालकाने बघू दिले नाही तर गाडी परत आणावी.

मेस्त २०२१ मध्ये गेले. त्यांचा टोचा माझ्या टेबलाच्या खणात असतो आणि नव्या कामाला आधी तोच लागतो. मागच्या वर्षी भाई आपला कॅम्पर कापड बदलायला घेऊन आले, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले होते आणि छप्पर उचलायला नातू होता. त्या मुलाने हमरस्त्यावरच्या फलकाबद्दल विचारले: पलीकडच्या शेडच्या जाहिरातीवर आजोबांचा कॅम्पर कसा? मी फलक आधीच पाहिला होता. २०१३ मध्ये, पाटल्यांच्या त्या दिवसांत, घाईने मी मागच्या दाराची डावी बिजागरी उलटी बसवली होती, आणि छायाचित्रात ती तशीच, पिनेचे डोके खाली केलेली, स्वच्छ दिसते. दार उघडे होते, पान्हा हातात होता, आणि ती सरळ करून देऊ का असे मी भाईंना विचारले. ते म्हणाले, ‘‘राहू दे.’’