गुलालातला फोकस

पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुकं उतरलं की भलीभली लेन्स पुढं-मागं करत राहते आणि शेवटी काहीतरी पुसट देऊन गप्प बसते. बिचारीला धरायला काही सापडत नसतं. उजेड आणि अंधार जिथं भिडतात ती कड मिळाली, की ऑटोफोकस तिथं थांबतो. सगळंच करडं असेल तर थांबायचं कुठं? अशा वेळी फोकसचा एकच बिंदू निवडायचा, आभाळावर उठलेल्या बुरुजाच्या कडेवर ठेवायचा, बटण अर्धं दाबून धरायचं आणि मग चौकट जुळवायची. माणसाचा फोटो हवा असेल, तर त्याला बुरुजाच्याच अंतरावर उभं करा.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत घोळ उलटा. तिथं धरायला फार काही असतं. लेन्ससमोर दोन हात अंतरावर उडालेला गुलाल फोकस पळवतो आणि मागची सासनकाठी धूसर होते. खोबऱ्याचा तुकडा मध्ये आला तर विचारूच नका. सलग फोकस (हलत्या वस्तूचा सतत माग घेणारा) वापरत असाल, तर मध्ये येणाऱ्या वस्तूला तो लगेच भुलू नये म्हणून मेनूत जाऊन त्याची संवेदनशीलता कमी करायची. बऱ्याच मोठ्या टेलिलेन्सवर अंतराच्या मर्यादेचा खटका असतो. तो टाकला की लेन्स जवळचं शोधायला जातच नाही. तरीही जमेना, तर उधळणीआधीच काठीवर फोकस घेऊन एमएफवर, म्हणजे हातानं करायच्या फोकसवर, जायचं. काठी नाचत पुढं आली की पुन्हा घ्यावा लागतो, एवढंच. मूकपटांच्या काळातले चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात घडवलेल्या कॅमेऱ्याचा फोकसही हातानंच होता. आणि हो, लेन्सवर गुलाल बसला तर आधी ब्लोअरनं हवा मारून उडवायचा. रुमाल फिरवलात तर चरे पडतील.

त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर ज्योतीवर फोकस धरू नका. ती नुसता पांढरा ठिपका होते. पणतीचा उजळलेला काठ धरा. जुन्या डीएसएलआरचे कडेचे काही बिंदू एकाच दिशेच्या रेषा ओळखतात, म्हणून पायऱ्यांच्या आडव्या रेघांवर अडतात. कॅमेरा तिरका करून फोकस घ्या, मग सरळ करा.

कोल्हापुरी साज टिपताना मात्र दोष बहुतेक वेळा आपलाच. 50 मिमीच्या साध्या लेन्सला निदान 35 ते 45 सेंमी अंतर लागतं, आणि आपण नाक लावून बसतो. वीतभर मागं सरका. चकाकणारे मणी सोडा. पानडीवर, म्हणजे साजातल्या पदकावर, कोरलेल्या कासवाच्या पाठीची रेघ धरा. तिथं लेन्स लगेच थांबते.