अकरा की नऊ

शुक्रवार, ६ सप्टेंबर २०२४. हरतालिका. दुसऱ्या दिवशी गणपती बसणार, त्यामुळे दुपारनंतर ऑफिसात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. आमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा २९ तारखेच्या रविवारी ठरली होती. उपविधीप्रमाणे नोटिशीला १४ पूर्ण दिवस मिळावे लागतात, म्हणजे छापील अहवाल १४ तारखेपर्यंत टपालात पडायलाच हवा. प्रेसवाल्या काकांनी आठवडाभर आधीच बजावलं होतं, "मशीनवरची पोरं शुक्रवारी रात्री छपाई करून गावी जाणार. गौरी गेल्याशिवाय परत यायची नाहीत." गौरींचं विसर्जन १२ तारखेला. त्यानंतर छपाई, बांधणी, पत्ते चिकटवणं हे काही जमलं नसतं.

मी या संस्थेचा संगणक विभाग आहे. म्हणजे मी, एक स्क्रूड्रायव्हर आणि जिन्याखालची खोली. त्या खोलीत सर्व्हर आहे. सभासदांची माहिती बाहेरच्या कुणाच्या मशीनवर ठेवायची नाही हा संचालक मंडळाचा हट्ट, आणि तो मला पटलेला. म्हणून वर्षभरापूर्वी आपल्याच सर्व्हरवर फाइली ठेवून त्या सगळ्यांना वापरू देणारं नेक्स्टक्लाउड बसवलं आणि त्याला ब्राउझरमध्येच वर्ड-एक्सेलच्या फाइली उघडून देणारा एक संपादक जोडला. त्याआधी अहवाल पेनड्राइव्हवरून फिरायचा. सात शाखांचे सात आकडे, आणि कोणता शेवटचा ते फक्त हेडक्लार्क मॅडमना माहीत. आता एकच फाइल, चौघं एकदम तिच्यात, प्रत्येकाचा कर्सर वेगळ्या रंगाचा. मॅनेजरसाहेबांना ते इतकं आवडलं होतं की कुणी पाहुणा आला की त्याला स्क्रीनवर रंगीत कर्सर पळताना दाखवायचे.

त्या आठवड्यात एक भानगड झाली होती. लेखापरीक्षकांनी दोन मोठ्या थकीत कर्जांची तरतूद वाढवायला सांगितली. नफा खाली आला आणि गुरुवारी रात्री घाईघाईने बोलावलेल्या बैठकीत लाभांशाची शिफारस अकरा टक्क्यांवरून नऊवर आणायचं ठरलं. शुक्रवारी सकाळपासून मॅडम, अकाउंटचा मुलगा आणि साहेब त्या फाइलमध्ये होते. नफा वाटणीचं पान, ताळेबंद, अध्यक्षांचं मनोगत, सगळीकडे आकडे बदलत होते. साडेतीनला मॅडम म्हणाल्या, "झालं रे सगळं. मी निघते, पूजेची वाळू आणायचीय अजून." त्यांचा निर्जळी उपास. कुणी अडवणार?

प्रेसला मी त्या फोल्डरची लिंक आधीच देऊन ठेवली होती. पाचच्या सुमारास काकांकडच्या डीटीपीच्या मुलाने फाइल उतरवून घेतली.

इथे थोडं विषयांतर. छापखान्यात आमचा युनिकोडमधला मजकूर जसाच्या तसा चालत नाही. त्यांच्याकडे पेजमेकर आहे आणि जुन्या पद्धतीचे फॉन्ट. तो मुलगा मजकूर कन्व्हर्टरमधून काढतो आणि त्यात हमखास काहीतरी मोडतं. 'कऱ्हाड' हा शब्द तर दर वर्षी नव्या प्रकारे मोडतो. त्यामुळे प्रूफ आलं की आम्ही सगळे रफार, अर्धा र, तुटलेली जोडाक्षरं शोधत बसतो. आकडे कुणी बघत नाही, कारण आकडे मोडत नाहीत.

सात वाजता व्हॉट्सॲपवर प्रूफ आलं. मी 'कऱ्हाड' शोधला, बरोबर होता, खूश झालो. सव्वासातला चेअरमनसाहेबांचा फोन. "काय रे, रात्री आपण काय ठरवलं होतं?"

"नऊ, साहेब."

"मग बारा नंबरचं पान उघड."

बाराव्या पानावर ठळक टायपात अकरा टक्के. खाली नफा वाटणीचा तक्ता, तोही जुना. तो अहवाल तसाच सभासदांच्या हातात गेला असता तर २९ तारखेला सभागृहात काय झालं असतं ते मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. आमचे सभासद अहवालात फक्त तीन गोष्टी वाचतात: लाभांश, भेटवस्तू काय आणि जेवण आहे का.

मी ब्राउझरमध्ये फाइल उघडली. नऊ. खाली तेच नेहमीचं वाक्य, सगळे बदल जतन झाले. काकांना फोन केला. मागे मशीनचा आवाज. "अकराच आहे हो तुमच्या फाइलीत. प्लेटा काढल्यात मी." मला वाटलं, पोराने जुनी फाइल उचलली. मशीन थांबवायला सांगितलं आणि खात्रीसाठी त्याच लिंकवरून स्वतः फाइल उतरवली. अकरा.

एकाच फाइलीत डाव्या खिडकीत नऊ आणि उजव्या खिडकीत अकरा. ब्राउझरची जुनी साठवण पुसली, दुसऱ्या संगणकावरून बघितलं, मोबाइलवर बघितलं. प्रत्येक ठिकाणी उघडली की नऊ, उतरवली की अकरा. मॅनेजरसाहेब आपल्या मोबाइलवरून तेच करत होते आणि दर दोन मिनिटांनी ओरडून सांगत होते, "माझ्याकडे नऊ आहे!" त्या ओरडण्याने काय होत होतं हे तेव्हा आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

शेवटी जिन्याखाली गेलो आणि सर्व्हरवर प्रत्यक्ष फाइलीची वेळ बघितली. ५ सप्टेंबर, १८:२२. म्हणजे काल संध्याकाळी शेवटचा माणूस बाहेर पडला तेव्हाची. आज दिवसभर तिघांनी बडवलेल्या कीबोर्डचं एक अक्षरसुद्धा या फाइलीत उतरलं नव्हतं.

घरी प्रयोग म्हणून मी आधी कोलाबोरा चालवून पाहिला होता. लिबरऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरवर उभा असलेला तो संपादक मूळ मांडणीत, म्हणजे सेटिंग न बदलता, ३० सेकंद कुणी हात लावला नाही तरी जतन करतो आणि काम चालू असलं तरी दर ५ मिनिटांनी करतो. माझ्या डोक्यात तेच बसलेलं. ऑफिसात मात्र दुसरा बसवला, कारण वर्डच्या तक्त्यांची मांडणी त्यात मॅडमना जास्त ओळखीची वाटली. त्याचं नाव घेत नाही, दोष त्याचा नव्हता. त्याच्या माहितीपुस्तिकेत सगळं लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं.

आमच्या संपादकात भानगड अशी. फाइल उघडली की ती गोदामातून, म्हणजे नेक्स्टक्लाउडच्या साठवणीतून, उचलून संपादनाच्या सेवेकडे येते. आपण टाइप केलेलं प्रत्येक अक्षर त्या सेवेकडे नोंदलं जातं आणि 'जतन झाले' हे ती आपल्यापुरतं सांगते. शेवटचा माणूस फाइल बंद करून गेला की साधारण १० सेकंद थांबून ती सगळे बदल जोडून नवी फाइल तयार करते आणि गोदामाला निरोप धाडते, घेऊन जा. कुणीतरी एकजण जरी आत राहिला तरी निरोप जात नाही. प्रेसची लिंक थेट गोदामातून माल उचलते.

हे मी साहेबांना सांगायला लागलो तेव्हा ते सेवा, निरोप वगैरे ऐकून वैतागले. मग एकदम म्हणाले, "थांब. काउंटरची रोकड आणि तिजोरी?"

"हो."

"एक काउंटर बंद करायचं राहिलं म्हणून डे-एंड झालेला नाही."

इतकं चांगलं मला सांगता आलं नसतं.

प्रेसचा प्रश्न खरं तर दोन मिनिटांचा होता. संपादकाच्या आतूनच फाइल उतरवायची सोय असते आणि तिथून उतरवली की काउंटरवरचा ताजा मजकूर मिळतो. हे सुचायला मला पाऊण तास लागला. उतरवली, बारावं पान बघितलं, ताळेबंद बघितला, काकांना पाठवली. मग तीच फाइल गोदामात जुन्या नावावर चढवून मोकळं व्हावं म्हणून हात माउसवर गेला आणि नशिबाने थांबला. आतलं काम अजून उघडंच होतं. वरून मी एक फाइल टाकणार आणि नंतर केव्हातरी आतून दुसरी येऊन तिच्यावर बसणार. मूळ प्रत नीट जतन करून घेणं भागच होतं.

तर काउंटर कुणाचं उघडं? संपादकाच्या कोपऱ्यात लोकांचा आकडा दिसतो. तीन. नावं बघितली तर त्यातलं एक मॅडमचं. त्यांना फोन लावला. मागे आरती चालली होती.

"मॅडम, अहवालाची फाइल बंद केली होती का?"

"केली की रे. खाली घातली."

खाली घातली म्हणजे मिनिमाइज केली. त्यांचा संगणक चालू, स्क्रीनला पासवर्ड. तो ओरडून सांगायला त्या तयार होत्या, पण शेजारी सगळ्या बायका बसलेल्या, म्हणून मीच नको म्हटलं. ब्राउझर गेला की काम झालं. त्यांच्या टेबलाखाली वाकलो, पॉवरचं बटण दाबून धरलं. पंखा थांबला. परत जिन्याखाली पळालो आणि घड्याळ बघत बसलो.

दहा सेकंद. वीस. एक मिनिट. फाइलीची वेळ तीच, ५ सप्टेंबर १८:२२.

मला खरंच घाम फुटला. निरोप वाटेत अडकतोय का? सर्व्हरच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली का? सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून ओळी वाचायला लागलो. एकही चूक नाही. सेवा शांतपणे वाट बघत होती. कुणाची? मग लक्षात आलं. दोन माणसं अजून आत होती. एक मी, माझ्या लॅपटॉपवर डावी खिडकी तशीच उघडी, त्यात ठळक नऊ. आणि दुसरे साहेब, मोबाइल खिशात. जतन झालं का ते बघायला आम्ही पाऊण तास आळीपाळीने फाइल उघडत होतो आणि तेच तिला जतन होऊ देत नव्हतं.

जिन्याखालूनच ओरडलो, "साहेब, फाइल बंद करा!"

"अरे पण माझ्याकडे बरोबर आहे!"

"म्हणूनच बंद करा!"

त्यांनी केली, मी केली. मनात आकडे मोजले. अकरापर्यंत पोचलो आणि वेळ बदलली: ६ सप्टेंबर, २०:३४. लिंकवरून फाइल उतरवली, बारावं पान. नऊ.

त्या रात्री काकांच्या पोरांनी प्लेटा पुन्हा काढल्या आणि छपाई पहाटे संपली. मी घरी पोचलो तेव्हा बायको मखराला दिवे लावून झोपली होती आणि त्यातली एक माळ पेटत नव्हती. ती मी तशीच सोडली.

गौरी गेल्यावर कामावर आलो तो पहिल्यांदा संपादकाच्या मांडणीची, म्हणजे सेटिंगची, फाइल उघडली. दर पाच मिनिटांनी गोदामात प्रत टाकण्याची सोय त्यात आहे, मूळ मांडणीत ती बंद असते. चालू केली. लिंक देणं बंद केलं. आता प्रेसला जायची फाइल मी स्वतः उतरवतो आणि पीडीएफ शेजारी ठेवून पाठवतो. मॅडमना बंद करणं आणि खाली घालणं यातला फरक दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या संगणकाचं बटण कुणी दाबलं? कॅल्क्युलेटर उघडा होता माझा, त्यात बेरीज होती."

महिनाअखेरीला प्रेसचं बिल आलं. त्यात एक ओळ जास्त होती, 'प्लेट, दुसऱ्यांदा'. साहेबांनी ते माझ्यासमोर धरलं आणि मॅडमना विचारलं, हे कुठल्या खात्याला टाकायचं. मॅडम चष्मा सावरत म्हणाल्या, "संगणक दुरुस्ती."