वार आठवतो, मग बटण का लागत नाही?

“पाच वर्षांपूर्वी कमाटीबागेत गेलो होतो तो वारसुद्धा याला आठवतो, मग शर्टाची बटणं का लावता येत नाहीत?” बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात, लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या लारीशी, हे मला कुणी ना कुणी विचारतंच. त्यामागचा खरा प्रश्न बहुतेक जण ओठांवर येऊ देत नाहीत: मुद्दाम करतो का? एका शाळेने तर लिहूनच दिलं होतं, ‘मुलगा हट्टी आहे’. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, आणि मुद्दाम काहीही करत नाही.

बटण लावताना काय काय होतं ते एकदा जवळून बघा. एका हाताने काज ताणून धरायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीने बटण तिरकं करून अर्धं आत ढकलायचं, मग पहिल्या हाताने ते पलीकडून ओढून घ्यायचं. डोळ्यांना दिसतंय ते, बोटांना लागतंय ते आणि पुढची हालचाल, यांचा मेळ क्षणात बसावा लागतो. तुमचा-माझा बसतो, म्हणून आपल्याला ते काम वाटतच नाही. हा मेळ घालण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. ऑटिस्टिक व्यक्तींच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी झाली तेव्हा तिथल्या पर्किंजी पेशी, म्हणजे लहान मेंदूतल्या मोठ्या चेतापेशी, कमी असल्याचं पुष्कळदा आढळलं आहे. माझ्या मुलाच्या बोटांत ताकद आहे, नजर चांगली आहे, बटण कसं लावतात हे तो तोंडाने सांगूही शकतो. अडतं ते सगळं एका वेळी जुळवताना.

आणि पक्की आठवण नि अडणारे हात ही जोडी नवी नाही. १९४३ साली अमेरिकेत डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ ऑटिस्टिक मुलांबद्दल लिहिलं, त्यात दांडग्या पाठांतराची नोंद आहे. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात डॉक्टर हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी अशाच मुलांच्या हालचालींतला अवघडलेपणा टिपला. त्या आठवणीचंही एक आहे. वार ही सुटी गोष्ट आहे, ती त्याच्यापाशी पक्की असते. पण “आज शाळेत काय झालं?” म्हटलं की तोच मुलगा गप्प. “तुझं थालीपीठ कुणी घेतलं?” असं विचारलं की भांडणासकट सगळं बाहेर येतं. आठवण आत असते, बाहेर यायला तिचं एक टोक आपण हातात द्यावं लागतं. अनेक ऑटिस्टिक माणसांच्या बाबतीत अभ्यासकांनाही हेच दिसलं आहे.

नवरात्रात हे सगळं एकदम अंगावर येतं. गरब्यात ढोल, टाळी, पाऊल, गिरकी आणि आजूबाजूचे घेर, सगळं एका तालात. आवाज आणि दृश्य एकाच क्षणाचं आहे की मागेपुढे झालंय, हे ठरवताना ऑटिस्टिक मुलांचा मेंदू बऱ्याचदा जरा सैल माप लावतो, त्यामुळे गर्दीत बोलणाऱ्याचे ओठ आणि शब्द यांची जोडी लावणं जड जातं. त्यात लाउडस्पीकर. आवाज, उजेड, स्पर्श असे टोचू शकतात, हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या निकषांत आलं ते २०१३ साली. तोवर आया सांगत होत्याच, आणि ते लाड ठरत होते. याचा मला आजही राग येतो.

“त्याला भावना नसतात ना?” हेही विचारतात. असतात, आणि खूप असतात. पण छातीची धडधड, पोटातला गोळा ही आतली वर्दी मेंदूतल्या इन्सुला या भागाने टिपायची आणि तिला ‘भीती’ असं नाव मिळायचं, या वाटेवर वेळ जातो. माझा मुलगा ‘पोट दुखतं’ म्हणतो. दोन वर्षं मी त्याला ओवा देत होते. मग लक्षात आलं की पोट दुखतं ते गल्लीत स्पीकर बांधायला लागले की. आता आम्ही कानांवर आवाज अडवणारे हेडफोन लावून गच्चीतून गरबा बघतो. टाळीला तो जरा उशिरा येतो, पण येतो.

बटणांचं म्हणाल तर ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं करायला शिकवणाऱ्या, ताईंनी उलटी रीत दाखवली. वरची सगळी मी लावायची, शेवटचं तेवढं त्याने. ते जमलं की शेवटची दोन. म्हणजे काम पुरं करणारा रोज तोच. शर्टाला सात बटणं असतात, खालची पाच आता तो लावतो. गळ्याजवळची दोन त्याला दिसत नाहीत, ती मी लावते. मात्र तुम्ही दारात उभं राहून “चल बेटा, लवकर” म्हटलंत की हात थांबतात, कारण तुमचं ऐकायचं आणि बटण लावायचं हे त्याला एका वेळी जमत नाही. तेवढी पाच बटणं होईपर्यंत काही बोलू नका.