तुरीचा शेंडा

"शेंडा मोडल्याबिगर तूर फुटत न्हाई बघ," म्हणत आत्यानं नखानं कचकन शेंडा खुडला. नख हिरवंगार.

मी लगेच शहाणपणा पाजळला, शेंड्यात ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं, ते खोडातून खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना, म्हणजे फांद्यांच्या कोंबांना, दाबून ठेवतं वगैरे. आत्यानं पुढचं झाड धरलं, "मग त्येच औषध मोडल्या जागी लावलं तर फुटायचंच न्हाई की?"

गप्पच झालो. थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३३ साली बाकल्याच्या रोपांवर नेमकं हेच करून बघितलं होतं, आणि डोळे खरंच दबून राहिले. मी एमएस्सीला हे घोकलं, तेही परीक्षेपुरतं.

बार्शीवरनं सोलापूरला येताना एसटीत तेच डोक्यात. आत्या चौथी शिकलेली. तिला कधी कुणी विचारलं असेल का, तुला काय वाटतं म्हणून?