संधिवाताच्या हाताला एअर पिस्तूल घेताना : माझा अनुभव

ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ मारलं आणि माझी कॉलेजातली हौस परत जागी झाली. वय पासष्टीच्या पुढं, दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात. डॉक्टर म्हणाले खेळा, पण हाताला झटका नको. पॉइंट २२ बोअरच्या पिस्तुलाला लायसन्स लागतं म्हणून १० मीटरचं पॉइंट १७७ एअर पिस्तूल ठरवलं, त्याची ताकद २० ज्यूलच्या आत असते, लायसन्सची भानगड नाही.

अडलं ते दुकानात. "काका, तुमच्या वयाला हेच बरं, सिलिंडर भरायची कटकट नाही" म्हणत त्यांनी लिव्हर दाबून हवा भरायचं पिस्तूल पुढं केलं. मी म्हटलं एकदा कॉक करून, म्हणजे लिव्हर उघडून-मिटवून, बघू द्या. तर नाही, डिस्प्ले पीस आहे, आधी पैसे भरा मग बॉक्स उघडतो. अहो, सकाळी दाराची कडी काढताना ज्याचा अंगठा कळवळतो त्याला तो लिव्हर झेपतो का हेच तर बघायचंय! प्रत्येक शॉटला लिव्हर पूर्ण उघडून जोर लावून मिटवायचा, मॅच ६० शॉटची, सराव वेगळा. परत गेलो तर मालक नाहीत, पुन्हा गेलो तर कॅटलॉग हातात दिलं, त्यात वजन आहे, किंमत आहे, लिव्हरला जोर किती लागतो याचा एक शब्द नाही. ग्रिपचं, म्हणजे पिस्तुलाच्या दस्त्याचं, विचारलं तर म्हणे मीडियम सगळ्यांना बसते. नाही बसत! सांधे सुजलेत म्हणून हात मोठा होत नाही, बोटं तेवढीच राहतात. अजून आठवलं की डोकं तापतं. वयस्कर गिऱ्हाईक दिसलं की काहीही खपवायचं काय?

शेवटी कोल्हापुरातल्या दुधाळीच्या शूटिंग रेंजवर गेलो. तिथं एका पोरीनं "काका, माझं धरून बघा" म्हणून स्वतःचं पीसीपी, म्हणजे हवेच्या सिलिंडरवरचं पिस्तूल, दिलं. सिलिंडरात २०० बार दाबापर्यंत हवा आधीच भरलेली, त्यामुळं लिव्हर दोन बोटांनी उघडतो. ट्रिगर ओढायला ५०० ग्रॅमचा जोर, मॅचच्या नियमात त्याहून हलका चालत नाही, पण माझ्या बोटाला तेवढा लई सोपा गेला. ग्रिप स्मॉल, तळहाताला खालून आधार देणारी पट्टी वर सरकवली की मूठ आवळावी लागत नाही. अंगठा दुखलाच नाही! तिथंच ठरवलं, घ्यायचं तर असलंच.

बघायला सकाळी जावा, बोटं आखडलेली असतानाच खरं कळतं. वजन किलोच्या आसपास असतं, हात लांब करून मिनिटभर धरा. हातपंपाच्या नादाला लागू नका, २०० बारला शेवटचे दाब मनगटाची वाट लावतात, रेंजवर मोठ्या सिलिंडरवरनं भरून घ्या. आणि हो, पेलेट (छर्रा) ठेवायची खाच बाजूनं मोकळी आहे का बघा, साडेचार मिलिमीटरचा पेलेट बोटातनं सटकतोच. मी डबीतनं उचलत बसत नाही, आधी उथळ ताटलीत ओतून घेतो.